पाहणीची तारीख

केळदरी, ता. सिल्लोड
१३ ऑगस्ट २०२४

ती. इंद्रजीतदादास,
शि. सा. न.

राखी सोबत पाठवली आहे. पोस्टमन म्हणाला, "मावशी, आता कुरियरनं टाकत जा की. पोस्टात लई उशीर व्हतो." मी म्हटलं, आमच्या दादाला उशिराच्या राखीची सवय आहे.

पहिली राखी आठवते का तुला? तू मला बघायला आला होतास. मामाची मुलगी म्हणून माझ्यावर तुझाच हक्क, असं सगळं गाव धरून चाललं होतं. तू नाही म्हणालास, आणि आत्याने, तुझ्याच आईने, ओटीच्या सामानाच्या ताटातच राखी ठेवली. "पोरी, बांध याला. मंजी लोकांच्या तोंडाला कुलूप." मी बांधली. होणारा नवरा होतास, एका दिवसात भाऊ झालास. एवढी बढती तुला तुझ्या खात्यानेही दिली नसेल.

असो. कामाचं लिहिते. आमच्या तलावावर लोकांसाठी बोटींचे नवे धक्के बांधायचे म्हणून तुमच्या खात्याने प्रस्ताव मागवले आहेत. आमच्या महिला मच्छीमार गटानेही एक दिला आहे, चिंचेकाठच्या जागेसाठी. ज्याला धक्का मिळेल त्याच्याकडे तीस वर्षं तो काठ जाणार. दुसऱ्याला मिळाला तर आमच्या होड्यांना टेकायलाही जागा उरणार नाही. माझा नवरा, कडुबा, गेल्यापासून मी त्याच काठावर जगले आणि माझ्यासोबतच्या बायाही. जमिनी आधीच पाण्यात गेल्या, आता पाणीही गेलं तर आम्ही कुठे जायचं?

प्रस्ताव तपासणाऱ्या समितीचा अध्यक्ष तू आहेस असं कळलं. म्हटलं, बघा, देव कुणाच्या हातात काय देतो.

तुझी,
सत्यभामा


उल्कानगरी, छत्रपती संभाजीनगर
२ सप्टेंबर २०२४

चि. सत्यभामा हिस,
अनेक आशीर्वाद.

राखी पोचली, अर्थात उशिरा. श्रेयाने बांधली, तुझ्या वतीने.

आधी एक गोष्ट. मला फोन करत जाऊ नकोस. उद्या चौकशी लागली तर पहिल्यांदा फोनचे कॉल काढतात. पत्राकडे कुणी बघत नाही. पत्र नावाची वस्तू जगात आहे हेच हल्ली लोक विसरलेत.

प्रस्ताव तीन आले. एक सिल्लोडच्या हॉटेलवाल्याचा, तो कागदपत्रांतच बाद होईल. दुसरा पुण्याच्या कंपनीचा. लग्नपत्रिकेसारखं छापलेलं पुस्तक आहे. त्यातल्या चित्रात केळदरीच्या काठावर नारळाची झाडं आहेत आणि त्याखाली गोऱ्या मडमा सरबत पीत बसल्या आहेत. तिसरा तुमचा. तुमच्या नकाशातली होडी बदकासारखी दिसते. एका सदस्याने विचारलं, "हे अंडी किती घालतं?" सगळे हसले. मीही हसलो, अध्यक्षाला हसावंच लागतं.

तू दुखावून घेऊ नकोस. तुला लहानपणापासून विनोद पचत नाही. तुला बघायला आलो तेव्हा मी दिव्याचा विनोद केला होता, "ही अंधारात उभी राहिली तर दिवा लावून शोधावी लागेल." तुझे वडील, म्हणजे मामासुद्धा हसले होते. तू तेवढी आत निघून गेलीस.

खरं सांगायचं तर आजच्या घडीला तुमचा प्रस्ताव तळाला आहे. पण गुण द्यायला अजून अवकाश आहे.

तुझा ऋतुराज, माझा भाचा, कसा आहे? जहाजावर इंजिनिअर झाला हे ऐकून ऊर भरून आला. तलावातल्या पोराने समुद्र गाठला. आमची श्रेया औरंगपुऱ्यात बँकेत लागली आहे. तिचं एक ठरलेलं मोडलं, त्या लोकांची दानतच नव्हती. तिच्या हाताला थोडी अ‍ॅलर्जी आहे, हवेमुळे. बाकी मुलगी सोन्यासारखी. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, हे तुला मी सांगायला नको.

तुझा,
इंद्रजीतदादा


केळदरी
२२ सप्टेंबर २०२४

ती. दादास,
शि. सा. न.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा होडीत बसून आणि एकदा घरी. होडीत वाचताना हसू आलं. बदक म्हणालास ते खरं आहे, तो नकाशा आमच्या गटातल्या दगडाबाईने काढला. तिने बदकं पाळलीत, होडीही तशीच काढली.

हक्काचं लिहिलंस ते वाचून बरं वाटलं. घरचा हक्क घरातच राहावा. ऋतुराज डिसेंबरात येतोय, तेव्हा पोरीला पाठव. पोरांनी एकमेकांना बघितलं म्हणजे झालं. आमच्या घरात माशाचा वास असतो, तेवढं तिला आधी सांगून ठेव.

कंपनीने देवीच्या माळाखालची जागा मागितली आहे असं ऐकलं. आता तिथं पाणी हातभर उंच दिसतंय, पण उन्हाळ्यात ते कुठं जातं हे तुला माहीतच आहे. पाणी हटलं की तिथं लोक गाळपेर करतात, तलावाच्या पोटात नांगर चालतो. आमच्या चिंचेकाठला मे महिन्यातही बांबू बुडतो. म्हणून म्हणते, समितीने पाहणी उन्हाळ्यात करावी.

तुझी,
सत्यभामा


छत्रपती संभाजीनगर
१० नोव्हेंबर २०२४

चि. सत्यभामा हिस,
आशीर्वाद.

पाण्याचं मला शिकवू नकोस. त्या तलावाच्या पातळीचे आकडे माझ्या सहीने निघतात. देवीच्या माळाखाली एप्रिलमध्ये कलिंगडं पिकतात हे मला तुझ्या आधीपासून माहीत आहे. कंपनीलाही माहीत आहे. म्हणून तर ते डिसेंबरात पाहणी ठेवा म्हणून मागे लागलेत. तेव्हा तलाव काठोकाठ असतो, समिती होडीतून एक चक्कर मारणार, फोटो काढणार, जेवणार, आणि "बारमाही पाणी" या रकान्यात पैकीच्या पैकी गुण. नंतर धक्का चिखलात उभा राहिला तर तो पुढच्या अधिकाऱ्याचा प्रश्न.

या कामात अकलेला फार वाव नसतो गं. पाहणीची तारीख ठरली की निकाल ठरला. आणि तारीख माझ्या हातात आहे.

डिसेंबरात नको म्हणतेस, ठीक. फाईलवर शेरा मारून मी ती पुढे ढकलू शकतो. पण मी कुणासाठी आणि का ढकलतोय हे मलाही कळायला हवं. श्रेया डिसेंबरात येईल. तू मोकळ्या मनाने बघ. तुझ्या बायका तोंडाने फटकळ आहेत, त्यांना त्या दिवशी मासे विकायला पाठव.

तुझा,
दादा


केळदरी
९ जानेवारी २०२५

ती. दादास,
शि. सा. न.

श्रेया येऊन गेली. तुझी पोरगी तुझ्यावर गेलेली नाही, देवाची कृपा. आल्या आल्या पदर खोचून दगडाबाईसोबत जाळं ओढायला लागली.

तुझी ती अ‍ॅलर्जीही बघितली. मनगटापासून कोपरापर्यंत आहे, आणि गळ्यावर चढायला लागली आहे. आमच्याकडे याला कोड म्हणतात. हवेचं काही नाव घेऊ नकोस, हवा बिचारी काय करील? मी तिला काही बोलले नाही. ती भर उन्हात लांब बाह्यांचा ब्लाऊज घालून बसली होती. ऋतुराज तिला होडीतून फिरवायला घेऊन गेला, परत आली तेव्हा बाह्या वर केलेल्या होत्या. तो सगळ्यांशीच असा गोड वागतो, जहाजावर राहून लागलेली सवय आहे. त्यात फार काही धरू नकोस.

तू म्हणशील, सत्यभामा आता अडून बसणार. नाही बसणार. रंगावरून माणूस नाकारायला मी काय तुझ्यासारखी इंजिनिअर आहे? माझ्या मनात नाही असं मी म्हटलेलं नाही. पण माझ्यासोबतच्या बायांचं पोट टांगणीला लागलंय, त्यात मला लग्नाचं सुचत नाही. मे महिन्यात पाहणी होऊ दे, आदेश हातात येऊ दे. मग आपण नातं पक्कं करू, सगळ्या गावासमोर.

ऋतुराज परवा जहाजावर गेला. आता जुलैत येईल.

तुझी,
सत्यभामा


छत्रपती संभाजीनगर
१४ मे २०२५

चि. सत्यभामा हिस,
आशीर्वाद.

कोड म्हणालीस ते श्रेयाच्या आईला वाचून दाखवलं नाही. डॉक्टर बघतायत. पण तू नाकारलं नाहीस, हे मी विसरणार नाही.

पाहणी झाली. तू लांबून बघत होतीसच, पण कंपनीच्या साहेबाचा चेहरा तुला जवळून दिसला नसेल. पांढरे बूट घालून आला होता. मी त्याला अगदी अदबीने म्हटलं, "आपला नियोजित धक्का दाखवता का?" तो गेला आणि पोटरीपर्यंत गाळात रुतला. ज्या जागी मडमा सरबत पिणार होत्या, तिथं एक म्हातारा कलिंगडं राखत बसला होता. त्याने विचारलं, "साहेब, एक कापू का?" सदस्यांनी तिथंच बसून खाल्लं. साहेब मात्र बूट शोधत होता. कुणी हात दिला नाही. अध्यक्षाने हात पुढे केल्याशिवाय कोण करणार?

त्यानंतर तुमच्या चिंचेकाठी आलो. तुमचा पिंपांवरचा तरंगता धक्का पाण्यासोबत खाली उतरतो, वर चढतो, हे बघून बदकवाल्या सदस्याने स्वतः माफी मागितली. तुम्हाला पहिला क्रमांक दिला. कंपनीचा सुरक्षेचा रकाना खरं तर बरा होता, तिथंही मी हात आखडला. धोका कशाला घ्यायचा? मी तीस जूनला निवृत्त होतोय, त्याआधी आदेशावर सही करून जातो. सही झाली की तो फिरवणं माझ्याही हातात राहणार नाही.

निवृत्तीनंतर पहिलं काम म्हणजे डोळे. दोन्हीकडे मोतीबिंदू उतरलाय, ऑगस्टमध्ये ऑपरेशन. त्याआधी श्रेयाचं ठरलेलं बघायचंय. माझं काम झालं, सत्यभामा. आता तुझं.

तुझा,
दादा


केळदरी
२० जुलै २०२५

ती. दादास,
शि. सा. न.

आदेश मिळाला. गटातल्या बायकांनी तो हळद-कुंकू लावून देवीपुढे ठेवला. दगडाबाई म्हणाली, "सत्यभामाक्का, तुझा भाऊ लई मोठ्या मनाचा हाय." मी म्हटलं, व्हय, मन मोठं आहे, त्यात बरंच काही मावतं.

नऊ ऑगस्टला धक्क्याचं उद्घाटन ठेवलं आहे. ऋतुराज घरी आला आहे. श्रेयाला त्या दिवशी पाठव. जांभळ्या रंगाचं लुगडं नेसव, तिला तो रंग उठून दिसेल. तू येऊ नकोस. तू निवृत्त झालास तरी लोकांच्या डोळ्यांवर येईल. तुझे डोळेही जप.

पौर्णिमेचा दिवस चांगला आहे. सगळ्यांसमोर ताट फिरवून टाकू. म्हणजे लोकांच्या तोंडाला कुलूप.

तुझी,
सत्यभामा


केळदरी
११ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
शि. सा. न.

यंदा राखी पाठवली नाही. पाठवायची गरज उरली नाही, म्हणून लिहिते आहे.

परवा पौर्णिमा होती, ही राखीची पौर्णिमा आहे हे तुला आठवायला हवं होतं. तू पंचांग बघून नाही, मतलब बघून चालतोस. तुझी पोरगी आली, जांभळ्या लुगड्यात. तिनेच पहिल्या होडीचा दोर सोडला. बाया टाळ्या वाजवत होत्या. मग मी ताट आणलं. त्यात ओटीचं सामान होतं, खण होता, नारळ होता. तिचा चेहरा उजळला. मी खणाची घडी उलगडली आणि आतली राखी तिच्या हातात दिली. सगळ्या गावासमोर म्हटलं, "पोरी, बांध याला."

तिला कळायला क्षणभर लागलं. मला लागलं नव्हतं, मी तुझ्या पोरीपेक्षा हुशार होते. तिने ऋतुराजकडे पाहिलं. तो खाली पाण्याकडे बघत होता. उन्हाने त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो काहीच बोलला नाही. तूही तेव्हा काही बोलला नव्हतास, पेढा चघळत बसला होतास. तिने बांधली. गाठ एका दमात बसली, हे मात्र कबूल करते. माझी दोनदा सुटली होती.

लोक पांगले तशी ती काठावर जाऊन उभी राहिली. संध्याकाळ झाली होती. दगडाबाई म्हणाली, "पोरगी कुठं गेली बघा गं." मी म्हटलं, शोधायला नको. बाह्या वर केल्यात तिने. अंधारातही दिसेल, दिवा लागणार नाही.

दादा, हसलास का? माझे वडील असते तर हसले असते.

मला तुझ्या पोरीचा राग नाही. तिच्या जागी दुसरी असती तर मी सून म्हणून ओवाळून घेतली असती, कोडासकट. पण ती तुझी आहे. आयुष्यभर मी दरवर्षी तुझं मनगट आठवून दोरा ओवला आणि पाकिटाला जीभ लावली. तू कधी त्या पाकिटात काय येतं याचा विचार केला नाहीस. आता तुझ्याच घरातून ते पाकीट निघेल.

आदेश फिरवायचा विचार करू नकोस. तूच लिहिलंस, सही झाली की तुझ्या हातात नाही. आणि कंपनीचा सुरक्षेचा रकाना बरा होता, हेही तूच लिहिलं आहेस. तुझी सगळी पत्रं माझ्याकडे आहेत.

ऋतुराज काल सकाळीच बॅग घेऊन गेला. जहाजाचं बोलावणं आलं असेल, घाईत सांगायचं राहिलं असेल.

तुझी,
सत्यभामा


छत्रपती संभाजीनगर
२३ ऑगस्ट २०२५

ती. सत्यभामाआत्यास,
शि. सा. न.

तुमचं पत्र पोचलं. बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे, त्यांना महिनाभर वाचायची मनाई आहे. त्यामुळे आलेलं टपाल मी मोठ्याने वाचून दाखवते. तुमचंही मीच वाचलं. दोन ओळींनंतर ते म्हणाले, "राहू दे गं, मी नंतर बघतो." मी राहू दिलं नाही. दिव्याच्या ओळीपर्यंत आले तेव्हा ते डोळ्यांवरच्या पट्टीखालून रडत होते. डॉक्टरांनी रडू नका म्हणून सांगितलं होतं. मी वाचत राहिले.

नंतर कपाटातून तुमची बाकीची पत्रं काढली आणि तीही वाचली. म्हणजे माझ्यासाठी पाहणीची तारीख पुढे ढकलली गेली होती तर. मला वाटत होतं, मी तलाव बघायला आले होते.

तुम्हाला एक गोष्ट माहीत नाही, ती सांगणं भाग आहे. ऋतुराजने मला त्याच दिवशी होडीत विचारलं होतं, डिसेंबरात. मी बाह्या वर केल्या आणि म्हटलं, हे आधी नीट बघ, मग विचार. त्याने बघितलं आणि पुन्हा तेच विचारलं. मी हो म्हणाले. तो जहाजावर होता तेव्हा आम्ही रोज बोलायचो. तुम्हाला तो गोड वागणं वाटलं. सप्टेंबरात नोंदणी करायची ठरलं होतं. उद्घाटनानंतर तो तुम्हाला सांगणार होता, पण आधी तुमचा आनंद होऊ दे म्हणाला. आईला आयुष्यात पहिल्यांदा काही मिळतंय, तो दिवस तिचा असू दे, असं म्हणाला.

ताट आलं तेव्हा मी त्याच्याकडे बघितलं ते यासाठी. एक शब्द बोलला असता तर मी ती राखी तलावात टाकली असती. तो बोलला नाही. तुमच्यासमोर त्याची जीभ उचलत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. बरं झालं, लग्नाआधी कळलं.

तिसऱ्या दिवशी तो आमच्या दारात आला होता. रात्रभर बसस्टँडवर बसला होता म्हणे. राखी काढून आणली होती. मी ती त्याच्या मनगटाला परत बांधली आणि म्हटलं, गावासमोर बांधलेली आहे, आता अशी सुटत नाही. भाऊ म्हणून कधीही ये. तो जिन्यात बसून खूप रडला. मग म्हणाला, आईकडे परत जाणार नाही. मी जा म्हणाले नाही आणि जाऊ नकोसही म्हणाले नाही. मी बाबांचीच मुलगी आहे, तुम्ही म्हणता तशी.

तुमच्या धक्क्याला माझ्या शुभेच्छा. चांगला बांधलाय, पाण्यासोबत उतरतो. त्या बायकांचं पोट त्यावर आहे, म्हणून बाबांची पत्रं तुम्ही कुणाला दाखवणार नाही हे मला माहीत आहे. मीही दाखवणार नाही.

राखी मात्र दरवर्षी पाठवीन, तुम्ही पाठवायचात तशी, पोस्टाने. त्याने मला नवा पत्ता दिलेला नाही. तुम्हाला दिला असेल तर कळवा, नाहीतर ती तुमच्याच घरी येत राहील.

तुमची भाची,
श्रेया